पेवावरची झील

सांगलीहून हरिपूरला जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना चिंचांची सावली लागते. ती संपली की नदीच्या बाजूला एक मोकळं, उंचसखल रान दिसतं. नवखा माणूस तिथून बेधडक चालत जातो. गावचा माणूस बघून पाऊल टाकतो. त्या रानाची भुई भरीव नाही. तिच्या पोटात हळदीची पेवं आहेत.

पेव म्हणजे जमिनीत खणलेली कोठी. तोंड एका माणसापुरतं अरुंद, आणि खाली रांजणासारखी फुगत गेलेली. आतून उसाच्या पाचटाचं अस्तर लावायचं, हळद ओतायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. कितीतरी वर्षांनी उघडलं तरी हळद काल भरल्यासारखी निघते, कारण आत वारा नसतो आणि वाऱ्यावाचून कीड जगत नाही. माणूसही जगत नाही. म्हणून पेव उघडलं की दिवसभर तसंच ठेवतात, मग कंदील सोडून बघतात. ज्योत टिकली तर कमरेला दोर बांधून माणूस उतरतो. आणि हळदीचे व्यापारी मगदूम, त्यांच्या पेवांवर रिवाज असा, की उतरल्यापासून वर येईपर्यंत त्यानं गात राहायचं.

खालच्यानं ओळ म्हणायची. तोंडाशी बसलेल्यानं तिची झील ओढायची, म्हणजे मागची ओळ पुरी करायची. खालून ओळ आली नाही की दोर ओढायचा. विचारायचं नाही, वाकून बघायचं नाही, ओढायचा.

झील ओढायला मगदुमांचा धाकटा, धन्यकुमार बसे. बसण्यापलीकडे त्याला दुसरं काम सांगण्यासारखं नव्हतं.

तो जन्मला तोच जांभळ्या ओठांचा. चालायला लागला तेव्हा थोडं धावला की तिथल्या तिथं उकिडवा बसे, गुडघे छातीशी आवळून घेई आणि डोळे मिटून दम परत यायची वाट पाही. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मिरजेच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून पुष्कळ वेळ ऐकलं आणि त्याच्या आईला, पद्मावतीअव्वांना सांगितलं, "बाई, याच्या काळजाला जन्मापासून भोक आहे. चांगलं रक्त आणि वाईट रक्त आतच मिसळतंय. याला धावू देऊ नका. रडूही देऊ नका."

"मोठा होईल न्हवं?" अव्वांनी विचारलं.

डॉक्टर नळी गुंडाळत राहिले.

त्या दिवसापासून रोज उजाडता अव्वा त्याच्या छातीला कान लावू लागल्या. आत घरघर करत एक ठोका पडे, मग दुसरा, आणि मध्येच एक लंगडे. तेवढा लंगडा ठोका ऐकला की अव्वा उठून कामाला लागत. लंगडत का होईना, चाललाय.

तो मोठा झाला. थोरला भाऊ जयपाल त्याला खांद्यावर बसवून शाळेत नेई. पोरं त्याला जांभूळ म्हणत. ती संगमावर पोहायला उतरली की तो काठावर त्यांच्या कपड्यांवर बसे. त्याची नखं निळी, बोटांची टोकं फुगीर. बेचाळीस साली त्याच्या वर्गातले गडी पोलिसांना चुकवत उसातनं पळत होते, तेव्हा तो त्यांच्या आयांजवळ बसून त्यांना धीर देत होता. पुढं एक स्थळ आलं. मुलीच्या मामानं कपबशी धरलेली त्याची बोटं बघितली आणि चहा तसाच ठेवून उठला. "मामाला दूध जास्त झालं वाटतं," धन्यकुमार म्हणाला. अव्वा हसल्या नाहीत.

त्याच्या दुखण्याला उतारा एकच होता, आणि तो अचानक सापडला होता. लहान असताना पतंगामागं धावून तो पेवांच्या रानात कोसळला. जयपाल पोचेपर्यंत तो पालथा पडलेला, डावा गाल मातीला टेकलेला. पण ओठांवरचं जांभळं उतरत चाललं होतं. कुणी आतून पाणी ओतावं तसा दम भरत होता. मग अव्वांना ते ठाऊकच झालं. दम लागला की त्याला उचलायचं, बैलगाडीत घालायचं, रानात आणून पेवाच्या तोंडाशी गाल टेकवून निजवायचं. घरच्या भुईवर निजवून काही होत नसे. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, आडवं पडल्यानं बरं वाटत असेल. जयपाल म्हणे, "हळदीनं सगळंच बरं होतंय." अव्वा जिवाजिवाला जपणाऱ्या. त्या पाणी तीनपदरी फडक्यातनं गाळून पिणाऱ्या, बसायच्या आधी जागा झाडून मुंगी बाजूला करणाऱ्या. पण रानातून परतताना त्यांची पावलं भराभर पडत.

लढाई संपल्यावर केरबा आला. पाटणच्या वरच्या डोंगरातला, बर्म्यात लढून परतलेला, छातीनं दार अडेल असा गडी. घरची शेती म्हणजे खडकावरची नाचणी, म्हणून सांगलीत पोत्याखाली आला. त्याला पवाडे येत नव्हते, फटके येत नव्हते. येत होत्या त्या आईच्या जात्यावरच्या ओव्या. हमालांनी बायकी गडी म्हणून पहिल्या दिवशी हसून घेतलं.

"हसा," केरबा म्हणाला. "तुमचा पवाडा राजा मेला की संपतुय. माझ्या आयची ओवी जुंधळं हायत तवर संपत न्हाई. आत कोन किती येळ टिकंल, बगू."

तो उतरे आणि खालून भरदार आवाज येई:

*उतरले बाई मी काळ्या भुईच्या घरात…*

वरून धन्यकुमार झील ओढे:

*पिवळं गं ऊन… माझ्या पदरात.*

मध्ये त्याला दम घ्यावाच लागे. सबंध ओळ एका श्वासात त्याला कधी जमली नाही. खालून केरबा हसे. "धाकलं आण्णा, सरावनातलं ऊन हाय व्हय? मदीच आबाळ येतंय."

दोघांची गट्टी जमली. काम झालं की केरबा पिवळाधमक होऊन वर येई, बिडी पेटवी, डोंगरातल्या गोष्टी सांगे. धन्यकुमारला चढता न येणारा एकेक डोंगर तो त्याला चढवून आणी.

तो दुसऱ्या वर्षीचा मार्गशीर्ष. हवा गार, कोरडी. धन्यकुमार पेवाच्या तोंडाशी भुईवर बसला होता. चालत आल्यामुळं दम लागलेला. त्यानं एक हात मातीवर टेकवला. दम बसू लागला, आणि त्याच वेळी केरबाची ओळ बारीक झाली. जणू तो आणखी खोल गेला. धन्यकुमारनं झील ओढायला मातीवरचा हात उचलून कानाशी नेला. पुढची ओळ पहिल्यासारखी भरून आली.

वर आल्यावर केरबा बिडी न पेटवता बसून राहिला.

"काय झालं रं?"

"काय न्हाई, आण्णा. मदीच कुनी छातीवर बसल्यागत झालं. उठलं बी."

धन्यकुमार घरी गेला, पण त्याच्या मनातून ते जाईना. तो मॅट्रिक झालेला, वर्तमानपत्र वाचणारा माणूस. योगायोग म्हणून सोडून द्यावं, असं त्याला वाटलं. मग वाटलं, सोडून द्यायच्या आधी बघून घ्यावं.

पुढलं पेव उघडलं त्या दुपारी धुळा नावाच्या हमालानं कंदील सोडला. आत अजून कुणी उतरलं नव्हतं. ज्योत तळाशी सरळ उभी होती. धन्यकुमार रानाला एक फेरी मारून आला, मुद्दाम, ओठ निळे पडेपर्यंत. मग वाकला आणि तळवा मातीला लावला.

ज्योत आखडली. वातीशी निळी कळी होऊन बसली.

छातीत गार, गोड हवा शिरत होती. त्यानं तळवा उचलला. ज्योत उभी राहिली. पुन्हा टेकवला. पुन्हा आखडली.

"वारा हलतुया," धुळा म्हणाला.

चिंचेचं एक पान हलत नव्हतं.

जैनांच्या घरचं जेवण दिवस मावळायच्या आत. जेवताना त्यानं अव्वांना सगळं सांगितलं. मी तिथं निजतो तेव्हा खालच्याचा दम मला मिळतो. लहानपणापासून. आठव अव्वा, मला घेऊन तू रानात येत होतीस त्या दिवसांत पेवात कोण कोण घाबरं झालं होतं. तो एक म्हातारा हमाल तर वर आलाच नाही.

अव्वांनी ताटात भाकरी वाढली. "असलं बोलू नये," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "पण हात लावल्यावर दम बसला न्हवं?"

तो ताटावरून उठला.

केरबाला त्यानं दुसऱ्या दिवशी सांगितलं. केरबा पोट धरून हसला. "आवं आण्णा, जपान्याची गोळी चुकिवली म्या, आन् आता तुमच्या दमानं मरू व्हय? तुमचा दम केवढा, त्यो घेनार किती."

"चेष्टा नाही, केरबा. मी आता झील ओढायला येणार नाही. धुळा बसेल."

"धुळ्या? त्याचा आवाज ऐकून मी आतच डोळं मिटीन," केरबा म्हणाला. हसू ओसरल्यावर तो हळूच म्हणाला, "तुमी वर असल्याबिगर मी उतरत न्हाई. खाली लय काळोख असतुय, आण्णा. तुमची वळ मदी तुटती न्हवं, तवा कळतंय की वर मानूस हाय."

मुंबईच्या व्यापाऱ्याच्या गाड्या येऊन उभ्या होत्या. नदीकडचं सर्वांत मोठं पेव काढायचं होतं, आणि केरबा उतरेना. जयपालनं धाकट्याला घराच्या पायरीवर गाठलं.

"नुसतं बसायचं काम, धन्या. तेवढं पण जड झालं?"

धन्यकुमार गेला, पण जाताना एक घडवंची उचलून घ्यायला लावली. पेवापासून जरा अंतरावर ती मांडली आणि पाय वर घेऊन तो तिच्यावर बसला. धुळा दोर धरून तोंडाशी. जयपाल पोती मोजून घ्यायला उभा. अव्वा गाड्यांपाशी चिंचेखाली. "पाय का वर घेतलेस रं? पाटलीणबाई हायस व्हय?" जयपालनं टोमणा मारला. पायाचा अंगठासुद्धा भुईला लागू द्यायचा नाही, एवढंच धन्यकुमारच्या डोक्यात होतं.

केरबा उतरला.

*माहेरच्या वाटंला कुणी सांडली हळद…*

*पाऊल पिवळं झालं… धुवू नको गं परत.*

पाट्या भरून वर येऊ लागल्या. पिवळा धुरळा उन्हात तरंगत होता. सगळं ठीक चाललं होतं, आणि तेवढ्यात त्याच्या छातीतला लंगडा ठोका पडायचा तो पडलाच नाही. मग एकदम दोन पडले. डोळ्यांपुढं जाळं आलं. त्यानं घडवंची घट्ट धरली.

हवा आत येत नव्हती. आणि खाली, मातीत, ती होती. पायांखाली हातभर अंतरावर. तहानेल्याला विहिरीतलं पाणी ऐकू यावं तशी ती त्याला ऐकू येत होती. त्यानं काही मागितलं नव्हतं, कशाला हात लावला नव्हता. तरी केरबाची ओळ बारीक झाली.

"वर घ्या त्याला," तो म्हणाला.

"वळ येतीया की, आण्णा," धुळा म्हणाला.

"दादा, ओढा. वर घ्या."

"गातोय तो," जयपाल म्हणाला. "गाणाऱ्याला कशाला ओढायचं? तू गप बस जरा. ओठ बघ तुझे."

खालून हाक आली, "आण्णा, झील कुटं गेली?"

धन्यकुमार उठला.

दम कोंडलेला असताना बसायचं सोडून तो आयुष्यात पहिल्यांदा चालू लागला. नदीकडं, पेवांपासून लांब. प्रत्येक पावलाला गुडघे म्हणत होते, उकिडवा बस. तो बसला नाही. मागं केरबाचा आवाज मोठा होत चालला. भरदार, मोकळा, डोंगरातून यावा तसा. तो ऐकत धन्यकुमार चालत राहिला. झील धुळा ओढत होता, भसाड्या गळ्यानं, आणि केरबा आतून त्याला शिव्या देत होता. त्या शिव्या ऐकून धन्यकुमारला हसू आलं.

संगमाचं पाणी दिसलं. मग ते काळं झालं.

जाग आली ती हळदीच्या वासानं.

गालाखाली माती होती. गार, ओलसर. छाती वर-खाली होत होती, सावकाश, पुरी. इतकी हवा आत मावते हे त्याला माहीत नव्हतं. डोक्यावरून अव्वांचा हात फिरत होता.

त्यानं डोळे उघडले. समोर पेवाचं तोंड होतं.

"मला इथं कुणी आणलं?"

"मी," अव्वा म्हणाल्या. "दादानं आणि मी उचलून आणलं. नदीकाठी पडला होतास. पार निळा."

"इथं का, अव्वा?"

"मग कुठं नेणार होते?"

तो हातांवर उठला. हात भुईवर पसरलेले. नखं गुलाबी होती. लहान मुलाची असतात तशी.

"केरबा?"

"हाय की," धुळा म्हणाला. दोर त्याच्या हातात सैल होता. "गातुया. ऐका."

खालून ओळ येत होती.

*नांदते दूरदेशी… दम ठेविते राखून…*

मध्ये तुटत होती. धन्यकुमार जिथं दम घेई, तिथंच.

"ही नवीच काढलीया त्यानं," धुळा म्हणाला. "झील मला ठावं न्हाई. पर त्यो थांबत बी न्हाई आता. दोनी वळी त्योच म्हनतुया."

*बंधुजी दारी आला… त्याला देईन काढून.*

"पाटी कधी आली शेवटची?"

धुळानं जयपालकडं बघितलं. जयपालनं पोत्यांकडं बघितलं.

"गातोय तो, धन्या," जयपाल म्हणाला. या खेपेला त्याचा आवाज खाली आला होता.

धन्यकुमारनं दोर हिसकून घेतला आणि ओढला. ज्यानं कधी घागर उचलली नव्हती, तो एका हातापुढं दुसरा हात टाकत दोर ओढत होता. दोराला जडशीळ ओझं होतं. खालून गाणं चालू होतं. ओझं वर येत होतं, पण गाणं वर येत नव्हतं. ते तळाशीच होतं.

त्याला दम लागला नाही.

केरबाचं डोकं तोंडातून बाहेर आलं. ओळ अर्ध्यावर थांबली.

त्यांनी त्याला उताणा निजवला. अंग गार झालेलं. बोटं उघडेनात, त्यात हळकुंड घट्ट. मिटल्या ओठांवर हळदीचा धुरळा बसला होता, पातळ, एकसारखा, दाराच्या चौकटीवर बसतो तसा. त्या थराला कुठं चीर गेलेली नव्हती.

"आत्ता तर गात होता," धुळा म्हणाला. मग पुन्हा म्हणाला. मग उठून लांब जाऊन बसला.

कुणी वाकून आत बघितलं नाही. जयपालनं स्वतः फावडं घेतलं आणि तोंडावर माती ओढली.

केरबाला गाडीत घालून पाटणकडं धाडलं. गाडीमागं धन्यकुमार चालत गेला, चिंचांची सावली संपेपर्यंत, आणि तेवढाच चालत परत आला. कुठं बसला नाही. घरी आला तेव्हा दिवस मावळायला थोडा अवकाश होता. अव्वा ओसरीवर पाणी गाळत होत्या. त्यांनी फडकं पिळलं, जागा झाडली.

"ये. बस."

तो बसला. सकाळचं ऐकणं राहिलं होतं म्हणून असेल, त्यांनी सदऱ्याची गुंडी काढली आणि छातीला कान लावला. एरवी लंगडा ठोका ऐकला की त्या लगेच उठत.

आज उठल्या नाहीत.

"काय ऐकू येतंय, अव्वा?"

त्यांचे डोळे मिटलेले होते. हळूहळू त्यांची मान डोलू लागली. मग ओठ हलायला लागले, आवाज न करता, कुणाच्या तरी मागून झील ओढावी तसे.